एकवीस दिवसांचा उपवास आणि बाविसावा दिवस



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अकरावीचा तास संपवून मी फळा पुसत होतो, तेव्हा एक विद्यार्थी टेबलाशी येऊन उभा राहिला. घर्षणाच्या उदाहरणात काही अडले असेल, असे मला वाटले. पण त्याने वहीतून घडी घातलेला एक कागद काढला. त्याच्या मामांनी तो कोठूनसा मिळवला होता. त्यावर एकवीस दिवसांचा कार्यक्रम छापलेला होता: फक्त पाणी प्यायचे, पहिल्या दिवसापासून सगळी औषधे बंद करायची, आणि शेवटी मधुमेह, रक्तदाब व संधिवात हे तिन्ही रोग मुळासकट गेलेले असतील. मामांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. रोजच्या गोळ्यांना ते कंटाळले होते आणि नवरात्रापासून हा प्रयोग करायचा, असे त्यांनी ठरवून टाकले होते.

"सर, यात शास्त्र आहे का हो? मामा म्हणतात, यावर नोबेल पारितोषिकसुद्धा मिळाले आहे."

मी पदार्थविज्ञान शिकवतो. नाडी पाहणे हे माझे काम नव्हे. तेव्हा मी त्याच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि या विषयावर जे मिळेल ते वाचून काढले. आठांचे पंधरा दिवस झाले. त्या वाचनातून माझे जे मत बनले ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा मामा, काका किंवा आजी असेलच.

प्रथम एक खुलासा करतो. आपल्याकडचा एकादशीचा किंवा चतुर्थीचा उपवास येथे अभिप्रेत नाही. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि वर रताळ्याचा गोड कीस, असा आमच्या घरचा उपवास असतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही! आपण बोलणार आहोत ते आठवडेच्या आठवडे केवळ पाण्यावर किंवा थोड्याशा रसावर राहण्याविषयी, आणि तेही रोग बरा करण्यासाठी.

माणूस असा राहू शकतो काय? राहू शकतो, आणि कसा ते आपल्या परिचयाच्या हिशोबानेच कळते. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही. खाल्ले नाही तर शरीराला ती साठ्यातून काढावी लागते. शरीरातील चरबीच्या एका किलोत सुमारे ७७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. आता स्कॉटलंडमधील अँगस बार्बिएरी या तरुणाचे उदाहरण घ्या. १९६५ साली त्याचे वजन २०७ किलो होते. डंडी येथील डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने उपवास सुरू केला आणि तो तब्बल ३८२ दिवस चालू ठेवला. या काळात त्याला जीवनसत्त्वे, यीस्ट आणि गरजेप्रमाणे क्षार दिले जात. शेवटी वजन भरले ८२ किलो. म्हणजे १२५ किलो घट. वही काढा आणि १२५ ला ७७०० ने गुणून ३८२ ने भागा. उत्तर येते दिवसाला सुमारे २५२० किलोकॅलरी. एका धडधाकट माणसाचा हा जवळजवळ रोजचा खर्च! हिशोब चोख जुळतो. बार्बिएरी ३८२ दिवस उपाशी नव्हता, तो अंगावरचे कोठार खात होता, असेही म्हणता येईल.

परंतु हाच हिशोब दुसऱ्या माणसाला लावून पाहा. १९१२ साली अमेरिकेत बोस्टनच्या पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट या शास्त्रज्ञाने माल्टा बेटावरील एका वकिलाला ३१ दिवस फक्त ऊर्ध्वपातित पाण्यावर ठेवले. रात्री हा गृहस्थ चक्क एका मोठ्या उष्मामापीत झोपे! तुम्ही प्रयोगशाळेत तांब्याचा गोळा ज्या तत्त्वावर तपासता, त्याच तत्त्वावर बेनेडिक्टने अख्खा माणूस तपासला. त्याचे वजन साधारण साडेसाठ किलोंवरून साडेसत्तेचाळीस किलोंच्या खाली आले. ही १३ किलोंची घट सगळी चरबीची मानली, तर दिवसाला ३२०० किलोकॅलरींहून अधिक खर्च होतो. साठ किलोंचा माणूस नुसता पडून राहून एवढी उष्णता देऊच शकत नाही. त्याच्या निम्मी देईल. मग बाकीचे वजन गेले कोठे? ते गेले पाणी आणि स्नायू यांच्या रूपाने. सडपातळ माणसाला लठ्ठ माणसाचा दाखला देणे किती फसवे आहे, हे या एका भागाकारावरून दिसते.

पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरते त्याचेही रहस्य हेच. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टमय साठा असतो. तो जेमतेम अर्धा किलो भरतो, पण आपल्याबरोबर तिप्पट पाणी बांधून ठेवतो. तो संपला की ते पाणीही जाते, आणि त्याबरोबर मीठही. उपवास सोडल्यावर साठा भरतो, पाणी परत येते आणि वजनाचा काटा आपल्या जागी येऊ लागतो. मीठ आणि पाणी कमी झाल्यावर रक्तदाबही उतरतो, हे येथेच लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मेंदूचे काय? त्याला तर साखर लागते. १९६७ साली जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपवास करणाऱ्या तीन लठ्ठ व्यक्तींची तपासणी केली. चरबीपासून यकृतात तयार होणारे कीटोन नावाचे पदार्थ मेंदू इंधन म्हणून वापरू लागतो, इतकेच नव्हे तर निम्म्याहून अधिक गरज त्यावर भागवतो, असे त्यांना आढळले. मला हा शोध फार सुंदर वाटतो. साखरेसाठी स्नायू मोडण्याची गती त्यामुळेच मंदावते आणि माणूस दुष्काळातून तगून राहतो.

पण तगून राहणे आणि रोग बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येथे मामांच्या कागदातील खरा प्रश्न सुरू होतो.

माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी कंबर धरली होती. एका स्नेह्याच्या आग्रहावरून मी तीन दिवस लिंबूपाण्यावर काढले आणि कंबर सुटली! मी पुढे महिनाभर भेटेल त्याला उपवासाचे माहात्म्य सांगत होतो. पुढच्या वर्षी कंबर पुन्हा धरली. तेव्हा घरात लग्न होते, उपवास शक्य नव्हता. मी जिलबी खात होतो, आणि कंबर तितक्याच दिवसांत सुटली. माणूस उपाय शोधू लागतो तो दुखणे कळसाला पोचल्यावर. कळसानंतर उतार यायचाच असतो. त्याचे श्रेय मधल्या काळात जे काही केले असेल त्याला मिळते. म्हणूनच वैद्यकात तुलनेचा गट लागतो: सारख्याच रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करायचे, एकाला उपाय द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि दोघांनाही सारखेच तपासायचे.

दीर्घ उपवासाच्या बाबतीत अशी तुलना फार थोड्या ठिकाणी झाली आहे. २००१ साली अमेरिकेतून एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाबाच्या १७४ रोग्यांनी सरासरी दहा-अकरा दिवस केवळ पाण्यावर उपवास केला होता आणि त्यांचा वरचा दाब सरासरी ३७ अंशांनी उतरला होता. आकडा मोठा आहे. पण तुलनेचा गट नव्हता, आणि मीठ-पाण्याची गोष्ट तर आपण वर पाहिलीच. २०१९ साली जर्मनीतील एका उपवास-चिकित्सालयातील १४२२ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. चार ते एकवीस दिवसांचा उपवास त्यांतील बहुतेकांनी सुखरूप पार पाडला, आणि अनेकांनी आपल्या तक्रारी कमी झाल्याचे सांगितले. येथेही तुलनेचा गट नाही, आणि पाहणी करणाऱ्यांत चिकित्सालयाशी संबंधित मंडळी होती. शिवाय हे लोक निव्वळ पाण्यावर नव्हते, त्यांना रस आणि सार यांतून दिवसाला दोनशे-अडीचशे किलोकॅलरी मिळत होत्या. हे लोक खोटे बोलतात, असे मी म्हणत नाही. त्यांच्या प्रयोगातून जेवढे सिद्ध होते तेवढेच घ्यावे, एवढेच म्हणतो.

चांगला प्रयोग कसा असतो तेही पाहा. १९९१ साली नॉर्वेमध्ये सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवाताच्या ५३ रोग्यांचे दोन गट केले गेले. एका गटाने सात ते दहा दिवस रस आणि सार यांवर उपवास केला आणि नंतर वर्षभर शाकाहार घेतला. दुसऱ्या गटालाही चार आठवडे विश्रांतीगृहात नेऊन ठेवले, मात्र त्याचे जेवण नेहमीचे होते. हवापालट आणि विश्रांती यांचा लाभ दोघांनाही मिळावा, हा हेतू किती विचारपूर्वक होता पाहा! पहिल्या गटाचे दुखणे आणि सूज खरोखर अधिक कमी झाली, आणि सुधारणा वर्षभर टिकली. पण येथे एक अडचण राहतेच. औषधाऐवजी साखरेची गोळी देऊन रोग्याला अंधारात ठेवता येते. आपण जेवलो की नाही, हे मात्र कोणापासून लपवणार? आणि वर्षभर जे टिकले ते उपवासामुळे की शाकाहारामुळे, हेही सुटे करता येत नाही. याआधी १९७९ साली स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासात उपवासाने बरे वाटलेल्या रोग्यांचे दुखणे जेवण सुरू झाल्यावर परतले होते.

बाविसावा दिवस म्हणतो तो हा. उपवास केव्हातरी सोडावाच लागतो. मग पुढे काय?

या प्रश्नाचे सर्वांत करुण उत्तर मधुमेहाच्या इतिहासात आहे. इन्शुलिन मिळण्यापूर्वी न्यूयॉर्कचे डॉक्टर फ्रेडरिक ॲलन मधुमेही मुलांवर उपासमारीनेच उपचार करीत. लघवीतील साखर जाईपर्यंत उपवास, आणि नंतर जेमतेम जगण्यापुरता आहार. ॲलन क्रूर नव्हते. त्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते. एलिझाबेथ ह्यूज या मुलीला अकराव्या वर्षी, १९१९ मध्ये, मधुमेह झाला. तीन वर्षे या उपचाराने ती जगली खरी, पण ऑगस्ट १९२२ मध्ये, पंधरावे वर्ष पुरे होत असताना, तिचे वजन अवघे २० किलो उरले होते. त्याच महिन्यात टोरांटोला डॉ. बँटिंग यांनी तिला इन्शुलिन द्यायला सुरुवात केली. पुढे ती शिकली, संसार केला आणि १९८१ पर्यंत जगली. लहान वयात होणाऱ्या या मधुमेहात शरीर इन्शुलिन बनवणेच थांबवते. तुमच्या वर्गात असा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल आणि कोणी 'उपवास कर, इंजेक्शन सोड' असे सांगत असेल, तर तो सल्ला प्राणघातक आहे. येथे दुसरे मत असू शकत नाही.

दुसरे उदाहरण आशादायक आहे. फेफऱ्याच्या म्हणजे अपस्माराच्या रोग्यांना उपवासात झटके कमी येतात, हे फार जुने निरीक्षण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॉन्क्लिन नावाचे एक चिकित्सक रोग्यांना तीन-तीन आठवडे उपाशी ठेवीत. आतड्यांतील विषामुळे झटके येतात, अशी त्यांची कल्पना होती. ती कल्पना चुकीची होती, पण झटके खरोखर कमी होत! १९२१ साली न्यूयॉर्कच्या डॉ. गेयलिन यांनी हे वैद्यकीय जगापुढे मांडले. जेवण सुरू केले की झटके पुष्कळदा परतत, हेही सर्वांना दिसत होते. त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी वेगळा विचार केला. उपवासात चरबी जळून कीटोन बनतात आणि त्यांचाच हा परिणाम असेल, तर स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ अगदी थोडे देऊन, जेवणाऱ्या माणसातही कीटोन का बनवू नयेत? त्यातून एक आहार तयार झाला. २००८ साली लंडनमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांवर त्याची रीतसर तुलना झाली. तीन महिन्यांत झटके निम्म्याहून कमी झाले अशी मुले आहार घेणाऱ्या गटात शेकडा ३८ होती, दुसऱ्या गटात शेकडा ६.

येथे काय घडले ते नीट पाहा. उपवासाने वाट दाखवली. पण उपचार म्हणून टिकले ते बाविसाव्या दिवशीही चालू ठेवता येईल असे काहीतरी.

मोठेपणी होणाऱ्या, म्हणजे मामांच्या प्रकारच्या मधुमेहातही हेच झाले. रॉय टेलर आणि माइक लीन या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमध्ये एक मोठा तुलनात्मक प्रयोग केला. त्याचे पहिले निष्कर्ष २०१७ मध्ये आले. उपाय होता तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० किलोकॅलरींचा मोजका, सर्व पोषक द्रव्ये असलेला पातळ आहार, आणि पुढे दीर्घकाळ वजन राखण्यासाठी मदत. एका वर्षाअखेर शंभरांतील ४६ जणांचा मधुमेह औषधांवाचून आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत शंभरांतील ४ जणांचा. दुसऱ्या वर्षी ४६ चे ३६ झाले, आणि पुढे ते आणखी घटले. ज्यांनी कमी केलेले वजन राखले त्यांनाच लाभ राहिला. औषधे येथेही थांबवली होती, पण ती डॉक्टरांनी. शिवाय इन्शुलिन घेणाऱ्यांना आणि मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटलेल्यांना या प्रयोगात घेतलेच नव्हते. मामांची आठ वर्षे झाली आहेत, हे विसरू नका.

आता धोक्याविषयी. बार्बिएरीची कथा सगळे सांगतात. त्याच काळातील इतर कथा कोणी सांगत नाही. १९६०च्या दशकात लठ्ठपणासाठी रुग्णालयांत अनेकांना दीर्घ उपवास करवले गेले आणि त्यांतील काही दगावले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९६८ आणि १९६९ मध्ये असे मृत्यू नोंदले आहेत. त्यांतील एक वीस वर्षांची मुलगी होती. तिने सुमारे ३० आठवडे उपवास पूर्ण केला होता. ती वारली ती पुन्हा अन्न सुरू केल्यानंतर, आणि तिच्या हृदयाच्या स्नायूंचे तंतू तुटलेले आढळले. दीर्घ उपवासानंतर अन्न पोटात गेले की इन्शुलिन एकदम वाढते, रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढले जाते, आणि हृदयाचा ठेका बिघडू शकतो. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्या कैद्यांना पोटभर जेवू घातल्यावर हेच झाले होते. पाहा, येथेही घात करणारा दिवस बाविसावाच आहे, आणि मामांच्या कागदावर त्या दिवसासाठी एक ओळही नव्हती.

राहता राहिले नोबेल पारितोषिक. २०१६ साली जपानचे योशिनोरी ओसुमी यांना ते मिळाले, हे खरे. उपाशी पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरते, या क्रियेची यंत्रणा त्यांनी उलगडली. पण कोणाच्या पेशी? यीस्टच्या! पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या. काम अव्वल दर्जाचे आहे. मात्र एकवीस दिवस उपाशी राहिल्याने मामांचा मधुमेह जातो, असे त्यांनी दाखवले नाही.

माझे मत आता स्पष्टच सांगतो. उपवासाने शरीराविषयी आपल्याला अमोल ज्ञान दिले आहे, आणि त्यावर संशोधन व्हायलाच हवे. परंतु जुनाट रोगांवर उपचार म्हणून दीर्घ उपवास विकण्याइतका पुरावा आज कोणापाशीही नाही. तरीही जो तो विकतो, आणि वर औषधे बंद करायला सांगतो, तो दुसऱ्याच्या जिवावर प्रयोग करतो, आणि त्या प्रयोगाची नोंदसुद्धा ठेवत नाही. ज्यांचे बरे झाले ते व्यासपीठावर येतात. ज्यांचे बिघडले ते घरी असतात किंवा इस्पितळात. आणि तुमच्या वयाच्या मुलांनी तर, हाडे व स्नायू वाढत असताना, असले काही करण्याचा विचारही करू नये.

त्या विद्यार्थ्याला मी एका चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून दिले: कोणाशी तुलना केली, उपवास सोडल्यावर वर्षाने काय स्थिती होती, आणि ज्यांना सोसले नाही ते किती होते. ती चिठ्ठी घेऊन मामा आधी कागद देणाऱ्याकडे गेले. तेथे उत्तर मिळाले नाही, म्हणून मग डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या पाहिल्या आणि सांगितले की, यांतली एक गोळी चालू असताना जेवण बंद केले तर साखर इतकी उतरेल की तुम्ही बेशुद्ध पडाल, आणि गोळ्या एकदम सोडल्या तर काय होईल तेही तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. शेवटी मोजून खाण्याचे ठरले. दर आठवड्याला वजन होते, साखर पाहून गोळ्या कमी-जास्त होतात. "तुमच्या सरांनी माझे नवरात्र बुडवले," असा मामांचा निरोप आला आहे.

भाचा आलेखकागदावर मामांच्या वजनाचे बिंदू मांडतो आणि सोमवारी मला आणून दाखवतो. पहिल्या दोन आठवड्यांचा उतार तीव्र होता. तो पाण्याचा, हे त्याने मला सांगण्यापूर्वीच ओळखले. नंतर रेषा बरीच सपाट झाली आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.